शिफारसपत्र म्हणजे वशिला नव्हे : बाबासाहेबांच्या अर्जांची गोष्ट

परदेशात एमएस किंवा पीएचडीला अर्ज करणाऱ्या मुलामुलींची गाडी हमखास एका ठिकाणी अडते, ती म्हणजे शिफारसपत्रं. बहुतेक विद्यापीठं दोन-तीन पत्रं मागतात. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजातल्या मुलांना कुणाला विचारायचं, कधी विचारायचं, हे सीनियर सांगतात. तालुक्याच्या कॉलेजातली, घरातली पहिलीच पदवीधर असलेली पोरगी सरांकडे जाते तेव्हा बऱ्याचदा उत्तर मिळतं, "तूच लिहून आण, मी सही करतो." या एका वाक्यात किती नुकसान आहे, हे समजायला जरा शंभर वर्षं मागे जाऊ.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलावर विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यांची नजर आधीच गेली होती. मुलाला पुढे शिकायला पैसे नाहीत हे कळल्यावर गुरुजी स्वतः त्याला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले आणि एल्फिन्स्टनचं शिक्षण पार पडलं. पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

आता लक्षात घ्या, केळुसकर गुरुजी काही आंबेडकरांचे नातेवाईक नव्हते, जातीचे तर नव्हतेच. त्यांनी मुलाला वाचताना पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी शब्द टाकला.

कोलंबियात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन. तीन वर्षं त्यांनी बाबासाहेबांचं काम जवळून पाहिलं. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणाऱ्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं, की या विद्यार्थ्याला संशोधनात मदत करा. फॉक्सवेल यांनी पुढे संस्थेच्या सचिवांना कळवलं, त्याचा भावार्थ असा : या माणसाने इथे येऊन जिंकावं असं आता काही उरलेलंच नाही! तरीही बाबासाहेबांनी तिथे नाव घातलं. फी होती १० पौंड १० शिलिंग.

पण पत्राने सगळीच दारं उघडत नाहीत. शिष्यवृत्ती संपली, १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. ज्या महाराजांनी परदेशी पाठवलं त्यांच्याच बडोद्यात या उच्चशिक्षित अधिकाऱ्याला राहायला खोली मिळेना. जातीपुढे महाराजांचा शब्दसुद्धा थिटा पडला.

लंडन विद्यापीठाने मात्र त्यांना चार वर्षांपर्यंतची सवलत दिली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे जमवून ते १९२० मध्ये परत गेले. एक गंमत सांगतो. एप्रिल १९२१ मध्ये परीक्षेचा फॉर्म वेळेत द्यायचा त्यांच्याकडून राहिला. संस्थेच्या सचिवांनी विद्यापीठाला पत्र लिहून उशिरा फॉर्म भरायची परवानगी मागितली. त्याच वर्षी ते एमएस्सी झाले. डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी आधी मान्य केला नाही. दुरुस्त करून पुन्हा दिला, तेव्हा १९२३ मध्ये पदवी मिळाली. तो प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही स्पष्ट नोंदवले. १९२५ च्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या पुस्तकाला प्रस्तावना कुणाची? सेलिग्मन यांची. ते पुस्तक बाबासाहेबांनी अर्पण केलं सयाजीरावांना. पत्र मिळालं, काम झालं, ओळख संपली, असं त्यांनी केलं नाही.

आपल्याकडे शिफारस म्हटलं की लोकांना वशिला आठवतो. वशिला सांगतो, "हा आमचा माणूस आहे." शिफारसपत्र सांगतं, "याचं काम मी पाहिलंय." ज्याच्या घरात वशिला नाही त्याच्यासाठी हे दुसरं वाक्य लाखमोलाचं असतं. सही केलेल्या कोऱ्या स्तुतीत ते वाक्यच नसतं. निवड समितीला ते लगेच कळतं.

म्हणून अर्ज करणाऱ्यांनो, मोठ्या हुद्द्याच्या मागे पळू नका. ज्यांनी तुमचा प्रोजेक्ट तपासला, वर्गात तुमचे प्रश्न ऐकले, त्यांना गाठा. शेवटच्या तारखेच्या दीड-दोन महिने आधी विचारा. गुणपत्रिका, बायोडेटा, प्रोजेक्टची प्रत, विद्यापीठांची नावं आणि तारखा एका कागदावर द्या. आठवडाभर आधी नम्रपणे आठवण करा. "सर, तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं लिहिता येईल का?" असं सरळ विचारा. ते कचरले तर दुसरीकडे जा. आणि निकाल काहीही लागो, त्यांना कळवा.

आणि प्राध्यापक मंडळींनो, सरकारची परदेशी शिष्यवृत्ती असली तरी आधी प्रवेश लागतो आणि प्रवेशाला तुमचं पत्र लागतं. वर्गात पन्नास जण असतील, वेळ नसेल, इंग्रजीची धास्तीही असेल. तरी त्या पोरीला दहा मिनिटं समोर बसवा, तिचं काम वाचा आणि चार ओळी स्वतः लिहा. केळुसकर गुरुजींच्या हातात एवढंच होतं.