परदेशी व्यापार आणि मुद्रेची साक्ष

आपल्या ज्ञातीतील तरुण आता परदेशी पेढ्या काढू लागले आहेत. तेथील नोंदणीसाठी कंपनीचे नोंदणीपत्र, घटनापत्र व संचालक मंडळाचा ठराव सादर करावा लागतो. परंतु येथील सही तेथे कोण ओळखणार? म्हणून पूर्वी सरकारी खात्याच्या साक्षीवर त्या देशाच्या वकिलातीची साक्ष घ्यावी लागे.

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने सभासद देशांपुरती वकिलातीची पायरी गाळून 'अपोस्टिल' हे प्रमाणपत्र आणले. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. व्यापारी कागदांवर आधी चेंबर ऑफ कॉमर्सची साक्ष होते, मग परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल देते. करारात नसलेल्या देशांसाठी वकिलात सुटलेली नाही.

अपोस्टिलमधील दहा कलमे सही, सही करणाराचा अधिकार व मोहोर यांचीच ग्वाही देतात, मजकुराची नव्हे. आम्ही आयुष्यभर शाळेचे दाखले लिहिले. मुख्याध्यापकांच्या सहीने दाखल्यास वजन येई, परंतु चुकलेली जन्मतारीख त्या सहीने बरोबर होत नसे. मजकुराची जबाबदारी लिहिणाराचीच. परदेशात ज्ञातीची पत राखावयाची ती याच सचोटीने, एवढेच आमचे तरुण बंधुभगिनींस सांगणे.