परसातले पाहुणे

मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. लेख लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही लिहावे असा आग्रह झाला, म्हणून परसातल्या आणि स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या वस्तूंचा इतिहास जमेल तसा सांगते.

निमित्त असे घडले. गेल्या आश्विनात शेजारच्या बिऱ्हाडातील बंगाली वहिनी अंगणातल्या हादग्याची फुले वेचीत होत्या. "भजी करणार," म्हणाल्या. आम्ही दोघीतिघी पदराआड हसलो. 'ही परकी माणसं फुलंसुद्धा खातात!' असे कोणीसे बोलले. ती कोणीशी मीच, हे कबूल करते.

संध्याकाळी दसऱ्याचे तोरण ओवीत बसले होते. धाकटी म्हणाली, "आई, झेंडू मूळचा मेक्सिकोचा ना ग?" मला खरे वाटेना. मग पुस्तके आणून वाचली आणि थक्क झाले.

१४९२ साली कोलंबस अमेरिकेकडील बेटांवर पोचला. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यानंतर त्यांच्या गलबतांतून अमेरिकेतली कितीतरी झाडेझुडपे आपल्या किनाऱ्याला लागली. मिरची त्यांतलीच. तत्पूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा येई तो मिरे आणि पिंपळी यांनी. बटाटा, काजू, अननस ही तर नावेसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेली.

आता आपले उपवासाचे ताट पाहा. शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळे, राजगिरा, सारे अमेरिकेकडचे. साबूदाणा ज्या कंदापासून करतात, तो कंदही तिकडचाच. ज्या ताटाला सासूबाई सोवळ्यावाचून कोणाला शिवू देत नसत, ते ताट असे सातासमुद्रांपलीकडचे!

फुलांचेही तेच. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोचे. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी घरोघरी झेंडू मांडतात. जिच्या लांब देठांची वेणी आपण लहानपणी दोऱ्याशिवाय गुंफली, ती गुलबक्षीही अमेरिकेचीच. या पाहुण्यांना आपण देवघरापर्यंत नेले, यात वावगे काही झाले नाही. घर त्याने भरलेच.

वाईट वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. पाहुणे घरचे झाले आणि घरची जुनी माणसे मात्र आपण विसरलो. पारिजातकाच्या केशरी देठांचा रंग करीत असत, बकुळीची सुकलेली फुले लुगड्यांच्या घडीत ठेवीत असत. शेवग्याच्या फुलांची भाजी आता किती घरांत होते? हादगाही जुनाच. संस्कृतात त्याला अगस्त्य म्हणतात. सासूबाई त्याच्या फुलातला मधला कडू दांडा काढीत, डाळीच्या पिठात ओवा घालून भजी तळीत, नाहीतर कांद्यावर फुलांची भाजी परतीत. ते सारे विसरून मी त्या वहिनींना हसले होते!

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनीही मधला दांडा काढला, तेच पीठ भिजवले. फक्त ओव्याऐवजी कलौंजी घातली. घास तोंडात घातला आणि सासूबाईंची आठवण येऊन डोळे भरले. वहिनींना वाटले, तिखट लागले. त्यांनी पाणी आणून दिले.

आता थोडे मागणे. पालापाचोळा पडतो म्हणून अंगणातला हादगा तोडण्याचे घाटत आहे. तो राहू द्यावा. झाडून काढण्याचे काम मी पत्करते. यंदाच्या भोंडल्याला त्या वहिनींना बोलवावे आणि खिरापत त्यांच्या हातची असावी. ती कोणती, हे मी येथे सांगून बसले आहे. तेव्हा ओळखताना अगदी पहिल्याच खेपेला नाव घेऊ नका, एवढेच.

— एक सभासद