पुढे जाणाऱ्या नोंदींची कुळकथा

मालगुंडच्या ग्रामपंचायतीत घरपट्टी भरली की पावती फाडली जाते, रक्कम रोकडवहीत चढते आणि महिन्याचे जमाखर्चाचे विवरण रत्नागिरीच्या पंचायत समितीकडे जाते. पावत्या मात्र गावातच राहतात. दप्तर नमुना १ ते ३३ अशा ठरलेल्या नमुन्यांत विभागलेले असते, म्हणून गावात काय ठेवायचे आणि वर काय कळवायचे, याचा रोज नव्याने विचार करावा लागत नाही. संगणकाच्या नोंदींना अशी शिस्त लागली ती सुमारे ४० वर्षांपूर्वी, ई-मेल पोहोचवणाऱ्या एका प्रोग्रॅममुळे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात एरिक ऑलमन 'सेंडमेल' लिहीत होते. त्या काळी प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या नोंदी आपल्याच पद्धतीने, वाटेल तिथे लिहून ठेवी. सेंडमेलच्या नोंदींसाठी ऑलमन यांनी 'सिसलॉग' ही वेगळी सोय केली आणि पुढे इतर प्रोग्रॅमही ती वापरू लागले. १९८३च्या बीएसडी ४.२ या युनिक्स आवृत्तीत ती आली, १९८६च्या ४.३ आवृत्तीत नोंदी स्वीकारून वाटून देणारा 'सिसलॉगडी' आला.

यातली खरी कल्पना होती ती प्रत्येक नोंदीला दोन खुणा लावण्याची. पहिली खूण 'फॅसिलिटी', म्हणजे नोंद कोणत्या खात्याची: मेल, कर्नल, लॉगिनची तपासणी. दुसरी 'सिव्हिरिटी', म्हणजे गांभीर्य: ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे प्रोग्रॅमरच्या उपयोगाचा बारीक तपशील. नियमाच्या ओळीत डावीकडे ही जोडी आणि उजवीकडे नोंद कुठे जायची तो पत्ता. 'मेल.क्रिट' लिहिले की मेलच्या गंभीर आणि त्याहून गंभीर नोंदी निवडल्या जातात. उजवीकडे ॲट-चिन्ह आणि दुसऱ्या यंत्राचे नाव दिले की त्या तिकडे रवाना होतात. आजच्या फिल्टरचे मूळ या एका ओळीत आहे.

जाळ्यावरून जाताना या दोन खुणांचा एकच आकडा होतो. फॅसिलिटीला ८ने गुणून त्यात सिव्हिरिटी मिळवायची. लॉगिन-सुरक्षेची फॅसिलिटी ४, गंभीर नोंदीची पातळी २. म्हणून नोंदीच्या आरंभी ३४. हा प्रघात २००१मध्ये आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून निघाला आणि २००९मध्ये आरएफसी ५४२४ने त्याचे प्रमाण ठरवले. गांभीर्याच्या आठही पातळ्या तशाच राहिल्या.

मात्र २४ फॅसिलिटींत नव्या सेवा मावेनात, आणि गांभीर्य ठरवणार तो नोंद लिहिणारा प्रोग्रॅमर. एकाला जी चूक वाटे, ती दुसऱ्याला नुसती माहिती. म्हणून १९९८मध्ये हंगेरीच्या बालाझ शायडलर यांनी 'सिसलॉग-एनजी' सुरू केला. त्यात उगम, फिल्टर आणि मुक्काम हे तीन भाग वेगळे लिहून हवे तसे जोडता येतात. यंत्राचे नाव, प्रोग्रॅमचे नाव, मजकुरातले शब्द यांवरूनही निवड होते. २००४मध्ये जर्मनीच्या राइनर गेरहार्ड्स यांनी 'आरसिसलॉग' सुरू केला. त्यात नियम वरून खाली वाचले जातात. 'स्टॉप'चा नियम पाठवणीच्या नियमाआधी आला, तर त्यात सापडलेली नोंद पलीकडे पोहोचतच नाही.

नियमांचा क्रम ही निष्काळजीपणाची जागा नव्हे. सर्व्हरचा ताबा मिळवणारा घुसखोर तिथल्या नोंदी पुसू शकतो. वेगळ्या यंत्रावर आधीच पोहोचलेली प्रत तेवढी पुरावा म्हणून उरते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी भारतात नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना ६ तासांत कळवणे बंधनकारक केले. फिल्टर लावण्याचा हेतू आजवर मुख्यतः जागा आणि जाळ्यावरचा भार वाचवण्याचा होता. आता कोणता पुरावा शिल्लक राहील, हेही तोच ठरवतो. म्हणून लॉगिन आणि अधिकारबदलाच्या नोंदी पुढे पाठवण्याचा नियम सर्वांत वर असावा आणि वगळण्याचे नियम त्याखाली यावेत. बदल केल्यावर 'लॉगर' ही आज्ञा वापरून चाचणीची एक नोंद सोडावी आणि ती पलीकडच्या यंत्रावर उमटली का, हे स्वतः पाहावे. ही आज्ञाही १९८६च्या त्याच बीएसडी ४.३मध्ये आली. निवडीचा नियम आणि तो पडताळण्याचे साधन आपल्या हाती एकदमच आले आहे. दोन्ही वापरली, तरच पाठवणीवर भरवसा ठेवता येतो.