इंधनपुरवठ्याचे दोषनिदान, कार्ब्युरेटरच्या मोटारीतील

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारीत टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पुरेसे का पोहोचत नाही किंवा गरजेपेक्षा जास्त का पोहोचते, याचा टप्प्याटप्प्याने घेतलेला शोध. गाडी सुरू न होणे, झटके देणे, चढणीवर दम सोडणे, सिग्नलला बंद पडणे, पेट्रोल जास्त खाणे ही अशा तपासणीची नेहमीची निमित्ते. गॅरेजात याच तक्रारी ‘मिसिंग आहे’, ‘पिकअप नाही’, ‘कचरा आला’, ‘ओव्हर होते’ अशा शब्दांत सांगितल्या जातात. एकाच तक्रारीमागे निरनिराळी कारणे असू शकतात. म्हणून पेट्रोलच्या वाटेवरचा एकेक टप्पा तपासत जायचे, ही या निदानाची मूळ पद्धत.

भारतात अँबॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि सुरुवातीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या सर्वपरिचित मोटारी. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या मोटारींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. पुढील विवेचनात मुख्यतः पद्मिनीची रचना गृहीत धरली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० हीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन १,०८९ घन सेंमी.चे, चार सिलिंडरांचे असते.

पेट्रोलची वाट : टाकी गाडीच्या मागच्या बाजूला आणि पंप पुढे इंजिनावर असतो. कॅमशाफ्टच्या धक्क्याने पंपातील रबरी पडदा म्हणजे डायफ्राम खालीवर होतो, टाकीतून पेट्रोल ओढतो आणि कार्ब्युरेटरकडे ढकलतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना पंपाचा एक ठोका पडतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि निडल वाट बंद करते. वाटीतून जेट म्हणजे मापाच्या बारीक छिद्रामार्गे पेट्रोल अरुंद गळ्यातल्या वेगवान हवेत फवारले जाते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा मिळाली, तर ज्वलन पूर्ण होते. पेट्रोल कमी पडल्यास मिश्रणाला ‘लीन’, जास्त झाल्यास ‘रिच’ म्हणतात.

आधी करंट, मग पेट्रोल : इंधनाचे म्हणून आलेले अनेक दोष प्रत्यक्षात इग्निशनचे निघतात. जळके पॉइंट, निकामी कंडेन्सर किंवा गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल हुबेहूब पेट्रोल तुटल्यासारखे झटके देते. म्हणून पहिली तपासणी प्लगला करंट येतो का, ही. प्लग काढल्यावर त्याचे टोकही बोलके असते. तांबूस-तपकिरी टोक निरोगी ज्वलन दाखवते. कोरडी काळी काजळी मिश्रण रिच असल्याचे आणि पांढुरके टोक ते लीन असल्याचे सुचवते. बराच वेळ स्टार्टर मारूनही प्लग कोरडाच असेल आणि पेट्रोलचा वास नसेल, तर पेट्रोल पोहोचलेलेच नाही. प्लग ओलाचिंब असेल, तर गाडी ओव्हर झालेली आहे, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त पोहोचले आहे.

यानंतरची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिला कोणतेही हत्यार लागत नाही. एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या गळ्यात पाहावे आणि अॅक्सिलरेटरची तरफ हाताने झटकन ओढावी. आतल्या बारीक तोंडातून पेट्रोलची सुतासारखी धार उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे; दोष बहुधा कार्ब्युरेटरात किंवा त्याच्या पुढे आहे. धार आली नाही, तर पंप, नळी, टाकी असे मागे जावे. मात्र क्वचित ही धार उडवणारा कार्ब्युरेटरातला अॅक्सिलरेटर पंपच निकामी असतो, हे लक्षात ठेवावे. चालत्या गाडीतला दोष असेल, तर ती बंद पडल्याक्षणी, बॉनेट थंड होण्याआधी, ही तपासणी आणि करंटची तपासणी करावी. थोड्या वेळाने दोन्ही ठीक आढळतात आणि कारण हातातून निसटते.

टाकी व नळी : टाकीतून जेवढे पेट्रोल जाते, तेवढी हवा आत यावी लागते. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले, तर गाडी दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते, मग झटके देत थांबते, थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा सुरू होते. अशा वेळी झाकण फिरवताच हवा आत शिरल्याचा ‘हुस्स’ आवाज आला, तर निदान तिथेच होते. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत टाकीला आतून गंज चढतो आणि जुन्या पेट्रोलचा चिकट, जुन्या रंगासारखा वास येणारा थर बनतो. नवा फिल्टर थोड्याच दिवसांत तांबूस भुकटीने भरला, तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

टाकीपासून पंपापर्यंतची नळी पंपाच्या ओढीवर असते. म्हणून तिला बारीक चीर पडली, तरी गाडी चालताना पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत खेचली जाते. गॅरेजात याला ‘पाइप एअर घेतो’ म्हणतात. पंपाच्या पुढची नळी मात्र दाबाखाली असते आणि ती फुटली की पेट्रोल गळते. त्यामुळे कोरडी दिसते म्हणून मागची नळी निर्दोष समजणे ही नेहमीची चूक ठरते. पंपाकडे येणारी नळी सोडून तिच्या जागी दुसरी छोटी नळी जोडावी, तिचे टोक स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या डब्यात बुडवावे व गाडी चालवून पाहावी. दोष नाहीसा झाला, तर तो टाकीकडच्या बाजूला आहे.

पंप : कॉइलची वायर सोडून इंजिन पेटणार नाही अशी व्यवस्था करावी. कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडावी आणि स्टार्टर फिरवावा. चांगला पंप ठोक्यागणिक जोरदार पिचकारी मारतो. धार मंद असेल, तर पंपातले व्हॉल्व्ह किंवा डायफ्राम थकलेला असतो. फेसाळ असेल, तर ओढीच्या बाजूने हवा येत असते. डायफ्राम फाटल्यास काही पंपांच्या पोटाशी असलेल्या छिद्रातून पेट्रोल ठिबकते, तर काही वेळा ते थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी अजिबात सुरू करू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते आणि बाष्पामुळे आग लागू शकते. अशा वेळी पंपाबरोबर ऑइलही बदलावे लागते.

कार्ब्युरेटर : दोष कोणत्या वेगाला दिसतो, यावरून कोणता भाग बिघडला हे बरेचसे ठरते. रेस दिल्यावर चालणारी पण पाय काढताच बंद पडणारी गाडी आयडल जेटमध्ये कचरा असल्याचे सांगते. आयडलिंग उत्तम, पण वेगात किंवा चढणीवर दम जात असेल, तर मेन जेट, फिल्टर किंवा अपुरा पंप यांच्याकडे पाहावे. अॅक्सिलरेटर एकदम दाबताच गाडी क्षणभर गुदमरत असेल, तर अॅक्सिलरेटर पंप संशयित ठरतो. मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही आयडलिंगवर परिणाम होत नसेल, तर आयडलची वाट चोंदलेली असते किंवा कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगमधून फुकटची हवा शिरत असते.

ओव्हर होण्यामागे बहुधा निडलच्या बैठकीत अडकलेला कण, झिजलेली निडल किंवा भोक पडलेला फ्लोट असतो. पितळी फ्लोट कानाशी हलवला की आतले पेट्रोल खळखळते. तो गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे निघतात.

जेट साफ करताना तार घालू नये. सोलेक्स बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. ११५ म्हणजे १.१५ मिमी. तारेच्या एका ओरखड्याने हे माप बिघडते. पेट्रोल किंवा क्लीनरने धुऊन हवेच्या झोताने फुंकणे पुरेसे असते.

उष्णता : पेट्रोलमधले हलके घटक ४०° से.च्या आसपासच उकळू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत बोरघाटासारखी चढण कमी वेगाने चढताना पंपात किंवा नळीत वाफ साठते आणि पंप द्रवाऐवजी वाफच हलवत राहतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओले फडके ठेवणे हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्राला धरूनच आहे, पण तो तात्पुरता. नळी सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डपासून दूर नेणे हा कायमचा. गरम गाडी बंद केल्यावर वाटीतले पेट्रोल उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये ठिबकते आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारावा. वारंवार पंप केल्यास आणखी पेट्रोल आत जाते.

इथेनॉल : भारतात २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के, तर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण काहीसे लीन होते. इथेनॉल जुने रबर फुगवते किंवा ठिसूळ करते, टाकीच्या तळाचा साचलेला मळ सुटा करते आणि पाणी शोषून घेते. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या, डायफ्राम व पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे असावेत आणि गाडी महिनोन्महिने पेट्रोलसह उभी ठेवू नये. आठवडाभर उभ्या गाडीला सुरू व्हायला स्टार्टर थोडा जास्त मारावा लागला, तर तो दोष समजू नये. वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते.

दक्षता : काम मोकळ्या हवेत, शक्यतो इंजिन थंड असताना, अग्निशामक जवळ ठेवून करावे. नळी तोंडाने ओढण्याची गॅरेजातली सवय घातक आहे. पेट्रोलचा घोट श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाला गंभीर इजा होते. एका वेळी एकच बदल करावा. पंप, फिल्टर आणि जेट एकदम बदलल्यास गाडी सुधारते, पण दोष कशात होता ते कळत नाही. दुरुस्तीनंतर गाडी गरम इंजिनावर, चढणीवर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना अशी तीनदा तपासावी. तिन्ही वेळा ती नीट चालली, तरच निदान बरोबर होते असे समजावे.