इतिवृत्ताबाहेरच्या सल्लागार

आपल्याकडील महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत स्त्री-अभ्यासाचे केंद्र निघाले, की त्याला एक सल्लागार समिती जोडली जाते. तीत प्राध्यापक असतात, एखादी वकील असते, एखादी डॉक्टर असते, आणि 'समाजातील प्रतिनिधी' म्हणून एकदोन जागा वस्तीतल्या किंवा चळवळीतल्या कार्यकर्तीसाठी ठेवलेल्या असतात. या एकदोन जागांचा इतिहास मला येथे मांडायचा आहे.

मी नोकरीला नवी असताना अशाच एका समितीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. नगरपालिकेच्या झाडू खात्यातून निवृत्त झालेल्या एक वयस्क बाई त्या बैठकीला आल्या होत्या. वस्तीत पाचपन्नास बायकांना एकत्र आणणाऱ्या, दारूच्या गुत्त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या. वस्तीतल्या मुलींसाठी शिवणवर्ग काढावा असा प्रस्ताव होता. त्यावर आपले मत सांगा असे त्यांना म्हणण्यात आले. त्या म्हणाल्या, "शिवायला पोरींना येतंय, बाई. तुमची वाचायची खोली पाचला बंद होती. पोरी धुण्याभांड्याची कामं उरकून साडेसहाला मोकळ्या होत्यात. तेवढं बघा." हा विषय ग्रंथालयाचा आहे, आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही, असे त्यांना सौम्य शब्दांत सांगण्यात आले. चहा झाला. मी इतिवृत्तात लिहिले : 'वस्तीतील प्रतिनिधींनी उपक्रमाचे स्वागत केले.'

ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात आहे. म्हणून हा लेख लिहिताना मी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर ठेवू शकत नाही.

स्त्री-अभ्यास या ज्ञानशाखेचा रूढ इतिहास असा सांगितला जातो : १९७४ साली भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीचा सरकारी अहवाल आला. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. १९८१ साली तेथेच या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या अभ्यासाला मान्यता दिली आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात केंद्र निघाले, ज्याला पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव लाभले. हा इतिहास खोटा नाही. परंतु तो कचेऱ्यांचा आणि अनुदानांचा इतिहास आहे. स्त्रियांच्या प्रश्नांचा विचार आमच्या बायांनी कधी आणि कोठे केला, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

ते उत्तर नागपुरात मिळते. २० जुलै १९४२ रोजी तेथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते आणि सुमारे पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. त्या परिषदेने ठराव केले. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क हवा. बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी हवी. गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांना रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन हवे. मुलींना शिक्षण आणि वसतिगृहे हवीत. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत प्रतिनिधित्व हवे.

हे ठराव आज एखाद्या पदव्युत्तर वर्गाच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून पाहावेत. कुटुंब आणि कायदा, स्त्रिया आणि श्रम, स्त्रिया आणि राजसत्ता : प्रकरणांची नावे तीच आहेत. विद्यापीठाने ही प्रकरणे छापण्याआधी तीस-चाळीस वर्षे ती मांडवात हात वर करून मंजूर झाली होती, आणि हात वर करणाऱ्या बहुसंख्य बायांना स्वतःची सही करता येत नव्हती.

या परिषदेच्या आधीचा एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. ही देशातल्या सुशिक्षित, सुधारणावादी स्त्रियांची संघटना. तेथे जेवणाच्या वेळी जाईबाई चौधरी यांना वेगळे बसविण्यात आले. जाईबाईंनी डोक्यावर ओझी वाहून पोट भरले होते, पुढे शिक्षिका होऊन मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा चालविली होती. स्त्रियांचे दुःख सर्वत्र एकच, असे सांगणाऱ्या मंडपात पंगत मात्र दोन होत्या. आमच्या स्त्रियांना वेगळी परिषद का घ्यावी लागली, असे विचारणाऱ्यांनी त्या पंगतीकडे पाहावे.

हा सारा इतिहास आपल्या हाती कसा आला? मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार या दोघींमुळे. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्या कोणत्याही विद्यापीठाच्या संशोधक नव्हत्या. संसार आणि चळवळ सांभाळून त्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांची घरे शोधत फिरल्या, त्यांच्याशी बोलल्या, जुनी नियतकालिके चाळली. कोणाला भेटायचे आणि काय विचारायचे, हे त्यांनी स्वतः ठरविले. एका वाक्यात सांगायचे तर चळवळीतल्या बायांनी चळवळीतल्या बायांचे संशोधन केले. पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर वंदना सोनाळकर यांनी केले आणि ते २००८ साली निघाले. त्यानंतर देशोदेशीच्या वर्गांत ते वाचले जाऊ लागले.

नव्वदीत हा प्रश्न विद्यापीठाच्या दारातच उभा राहिला. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रिया वेगळे बोलतात, असे मांडले. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली त्याच्या पुढचे पाऊल टाकले. वेगळा आवाज म्हणून दलित स्त्रीला एक कोपरा देणे पुरेसे नाही, तिच्या जागेवरून सगळा समाज पुन्हा तपासला पाहिजे, या अर्थाने त्यांनी 'दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी' मांडली. दरम्यान, डिसेंबर १९९६ मध्ये चंद्रपूरला विकास वंचित दलित महिला परिषद भरली आणि मनुस्मृतिदहनाचा २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन मानावा, असा प्रस्ताव तिने ठेवला. स्त्रीमुक्तीची तारीख आपल्या मातीत १९२७ साली महाडला पडलेली आहे, हे विद्यापीठाला कार्यकर्त्यांनी सांगितले. सल्ला म्हणतात तो यालाच.

रेगे यांचे श्रेय असे, की त्यांनी हा सल्ला ऐकला. पुण्याच्या केंद्राच्या प्रमुख असताना त्यांनी बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, उर्मिला पवार यांची आत्मकथने ज्ञानाचा ऐवज म्हणून समोर ठेवली. जलसे आणि छोट्या पुस्तिका यांनाही २००६ च्या आपल्या ग्रंथात मानाचे स्थान दिले.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला प्राध्यापकांचा : अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे. मान्य. पण वाचनखोलीच्या वेळेविषयी बोलणाऱ्या त्या बाई केवळ अनुभव सांगत नव्हत्या. मुलीचे शिक्षण अडते ते कौशल्याच्या अभावाने की श्रमाच्या वेळापत्रकाने, याचे विश्लेषण त्यांनी तीन वाक्यांत केले होते. ते सिद्धांतापर्यंत नेणे हे माझे काम होते आणि मी ते केले नाही.

दुसरा आक्षेप आपण आपल्यावरच घ्यावा. विद्यापीठाने 'समाजातील नेतृत्व' मागितले, की आपल्याकडून पुरुष पुढारी जातो. त्याला सवड नसली तर तो आपल्या घरातल्या बाईला पाठवितो. नागपूरच्या परिषदेला पंचवीस हजार स्त्रिया पाठविणारा समाज आज एका समितीवर एक स्वतंत्र स्त्री पाठवायला कचरतो, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे.

म्हणून मागणी खुर्चीच्या पुढची हवी. कार्यक्रमपत्रिकेवर विषय घालण्याचा अधिकार कार्यकर्तीला असावा. बैठकीसाठी तिचा बुडालेला रोज भरून मिळावा. तिने मांडलेला मुद्दा तिच्या शब्दांत नोंदला जावा. आणि अभ्यासक्रम ठरताना १९४२ चे ठराव शिक्षकाने टेबलावर ठेवावेत.

त्या बाई पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. मी चौकशीला गेले तेव्हा त्यांनी बसायला पाट दिला आणि विचारले, "मग, खोली उघडी राहती का आता?" ती पाचलाच बंद होत होती. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर मी तो विषय पहिल्या क्रमांकावर लिहिला, आणि त्यापुढे त्यांचे नाव.