उरलेले, शिळे, उष्टे

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची टर्की कापली जाते आणि शुक्रवारी सकाळी तिचा सांगाडा व पुष्कळसे कोरडे मांस शीतकपाटात शिल्लक राहते. ह्या शिलकीचे काय करावे, ह्या प्रश्नाची उत्तरे तेथील घरोघरी तयार असतात आणि त्यांतले एक अगदी सोपे उत्तर म्हणजे पॉट पाय. (कोंबडीच्या संदर्भात 'पाय' हा शब्द मराठी वाचकाला भलत्याच अवयवाकडे घेऊन जातो ह्याची आम्हांस जाणीव आहे, परंतु ह्या पदार्थाला दुसरे नाव नाही.) स्कॉट फिट्झजेराल्डलाही ह्या शिळ्या टर्कीने छळलेले दिसते. त्याच्या मृत्यूनंतर 1945 साली निघालेल्या 'द क्रॅक-अप' ह्या संग्रहात, उरलेल्या टर्कीची विल्हेवाट लावण्याच्या तऱ्हेवाईक पाककृतींचे एक विडंबन आहे आणि त्याच्या शीर्षकातच प्रेत पुरण्याची भाषा आहे. ती भाषा पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

प्रथम पदार्थ सांगितला पाहिजे. भाजलेल्या पक्ष्याचे उरलेले मांस हाडांवरून सोडवून त्याचे लहान तुकडे करावेत. हाडे पाण्यात तासदोन तास मंद उकळून त्यांचे पाणी गाळून घ्यावे. लोण्यावर कांदा, गाजर व सेलरी परतून त्यावर दोनतीन चमचे मैदा घालावा, तो कच्चा राहू नये इतका भाजावा, मग हाडांचे पाणी व थोडे दूध हळूहळू ओतून दाट रस्सा करावा. त्यात मांस, मटार, मीठ, मिरपूड व थोडी थाइमची पाने घालून सर्व मिश्रण खोल भांड्यात ओतावे. लोणी चोळून मळलेल्या मैद्याची जाडसर पोळी लाटून तिने भांड्याचे तोंड झाकावे, वाफ जाण्यासाठी तिला चार चिरा द्याव्यात आणि सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत, वरची पोळी तांबूस होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास भाजावे. युक्ती आहे ती रश्श्यात. भाजलेल्या पक्ष्याच्या छातीचे मांस दुसऱ्या दिवशी चोथ्यासारखे होते आणि पुन्हा तापवले की त्यातील चरबीला एक शिळकट वास येतो. दाट रस्सा कोरडेपणा झाकतो, थाइम व मिरपूड वास झाकतात आणि मैद्याचे आवरण तर सगळेच झाकते. शिवाय दोघांना जेमतेम पुरेल इतके मांस सहाजणांच्या पानांत पोहोचते.

विसाव्या शतकाने हे सोपे काम आणखी सोपे केले. 1931 साली बिस्क्विक नावाचे तयार पीठ बाजारात आले आणि लोणी चोळण्याचे श्रम वाचले. पुढे डब्यातल्या दाट सूपने रस्सा करण्याचेही वाचवले. 1951 साली ओमाहाच्या स्वॅन्सन कंपनीने गोठवलेला चिकन पॉट पायच विकायला काढला. म्हणजे शिळ्याची सोय लावण्याचा हा पदार्थ आता ताजा, किंबहुना कारखान्यात मुद्दाम उरवलेला, विकत मिळू लागला. असो.

ह्या सगळ्यावरून हा पदार्थ जन्मतःच काटकसरीचा असावा असे वाटते. इतिहास पाहू गेल्यास तसे दिसत नाही. अमेरिकी लेखिकेने लिहिलेले अमेरिकेतील पहिले पाकपुस्तक मानले जाते ते अमेलिया सिमन्सचे 'अमेरिकन कुकरी' (हार्टफर्ड, 1796). मुखपृष्ठावर स्वतःचा उल्लेख 'एक अमेरिकी अनाथ' असा करणाऱ्या ह्या बाईने चिकन पायसाठी सहा कोंबड्या आणि दीड पौंड लोणी सांगितले आहे! तळाशी इंचभर जाडीचे पीठ, त्यावर कोंबडीचा थर, त्यावर लोण्याच्या कापांचा थर, असे सर्व संपेपर्यंत. येथे शिळ्याचा मागमूस नाही. 1827 साली सारा जोसेफा हेलने 'नॉर्थवुड' ह्या कादंबरीत न्यू इंग्लंडमधील थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीचे जे भरगच्च वर्णन केले, त्यातही निवडक मांसाचा, लोण्याने ओथंबलेला चिकन पाय टर्कीच्या पंगतीला मानाने बसला आहे. हीच हेल पुढे थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय सण व्हावा म्हणून वर्षानुवर्षे लिहीत राहिली आणि तिच्या पत्रानंतर, ऑक्टोबर 1863 मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत लिंकनने तशी घोषणा केली. सणाच्या पहिल्या दिवशीच्या पानातला पदार्थ दुसऱ्या दिवशीच्या पानात कसा गेला, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

त्याचे एक कारण पायच्या कवचात आहे. आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे पाय हा इंग्रजी वाङ्मयात जुन्या काळापासून संशयाचा धनी झालेला आहे. चॉसरच्या यात्रेकरूंतील आचारी गोष्ट सांगू लागतो तेव्हा खाणावळीचा यजमान त्याला भर मेळाव्यात टोमणा मारतो, की तू दोनदा तापवलेला आणि दोनदा निवालेला 'जॅक ऑफ डोव्हर' लोकांच्या गळी उतरवला आहेस. हा जॅक म्हणजे शिळा पाय असावा असा अर्थ बहुतेक टीकाकार लावतात. लगोलग यजमान त्याच्या हंसाच्या मांसाचा आणि दुकानात घोंघावणाऱ्या माश्यांचाही उद्धार करतो. हॅम्लेट आईच्या पुनर्विवाहावर जो कडवट विनोद करतो, तोही शिळ्याचाच: बापाच्या अंत्यविधीसाठी भाजलेले पदार्थ निवल्यावर लग्नाच्या टेबलावर आले, म्हणे काटकसर! हे भाजलेले पदार्थ म्हणजे मुख्यतः मांसाचे पाय, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगितल्याखेरीज कळत नाही. आणि जुन्या इंग्रजी पाकग्रंथांत पायच्या कवचाला 'कॉफिन' म्हणत. मूळ अर्थ पेटी वा टोपली. शवपेटी हा अर्थ पुढे त्या शब्दाला कायमचा चिकटला. 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये शेक्सपियरने दोन्ही अर्थ एकाच वेळी वापरून घेतले आहेत. फिट्झजेराल्डचा विनोद असा फार जुन्या घराण्यातला आहे.

ज्या गोष्टीची वाङ्मयात चारशे वर्षे टिंगल झाली, तिला सद्गुणाच्या आसनावर बसवणाऱ्यांत लिडिया मारिया चाइल्ड हे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. तिचे 'द फ्रूगल हाउसवाइफ' 1829 साली बोस्टनला निघाले. त्याच नावाचे एक इंग्रजी पुस्तक आधीपासून असल्यामुळे पुढे त्याला 'अमेरिकन' हे विशेषण लागले, आणि त्याच्या तिसांहून अधिक आवृत्त्या निघाल्या. काटकसरीची लाज न बाळगणाऱ्यांना तिने हे पुस्तक अर्पण केले आहे. घरसंसार म्हणजे कण न् कण गोळा करण्याची कला, मग ते कण अन्नाचे असोत की वेळेचे, ही तिची आरंभीचीच भूमिका आहे. हा उपदेश सुखवस्तू बाईचा विरंगुळा नव्हता: नवरा कर्जबाजारी होता आणि तिच्या लेखणीवर घर चालत होते. चरबीचे मडके वेळोवेळी पाहत जा, असे ती बजावते. त्यात असे काही जाता कामा नये, की ज्याने तुमच्या कुटुंबाचे पोषण झाले असते. आणि पुढे लगेच जोडते: किंवा तुमच्याहून गरीब एखाद्या कुटुंबाचे. पाकपुस्तकांच्या वाचनात हे शेवटचे शब्द सहज निसटून जातात, पण आम्हांस ते पुस्तकाचे मर्म वाटते. उरलेल्यावर आपल्याखेरीज आणखी कोणाचा तरी हक्क आहे, हे तिथे गृहीत धरलेले आहे.

1833 साली चाइल्डने गुलामगिरीविरुद्ध सडेतोड पुस्तक लिहिले आणि तिच्या वाचकवर्गाने पाठ फिरवली. ती चालवीत असलेले मुलांचे मासिकही हातचे गेले. ती मागे हटली नाही. म्हणूनच पुढे हॅरिएट जेकब्सचे हस्तलिखित तिच्याकडे आले. नॉर्थ कॅरोलायनातील एडेंटन येथे गुलामीत जन्मलेल्या, आजीच्या माळ्यावरील अंधाऱ्या पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिलेल्या आणि 1842 साली उत्तरेत निसटलेल्या ह्या स्त्रीचे आत्मकथन, 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल', 1861 साली चाइल्डच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. लेखिकेने लिंडा ब्रेंट हे टोपणनाव घेतले होते. हे पुस्तक म्हणजे चाइल्डनेच रचलेली कादंबरी, असा समज विद्वानांतही दीर्घकाळ होता. जीन फेगन येलिन ह्यांनी पत्रव्यवहाराच्या आधारे जेकब्सचे कर्तृत्व सिद्ध केले आणि त्यांची आवृत्ती 1987 साली निघाली.

त्या पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात एक स्वयंपाकघर आहे. मालकीण, जिला पुस्तकात मिसेस फ्लिंट म्हटले आहे, मोठी हिशेबी बाई आहे. आचारणीला शिधा दिवसातून तीनदा पौंड आणि औंसांच्या मापाने तोलून मिळतो. इतक्या पिठाची किती बिस्किटे व्हावीत आणि प्रत्येकाचा आकार केवढा असावा, हे मालकिणीला नेमके ठाऊक आहे. 'फ्रूगल हाउसवाइफ'ची आदर्श वाचक शोभावी अशी ही बाई. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी जेवण ठरल्या वेळी टेबलावर आले नाही, की ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहते, सर्व पदार्थ वाढून होईपर्यंत थांबते आणि मग स्वयंपाकाच्या प्रत्येक पातेल्यात व तव्यात थुंकते. हेतू असा, की आचारणीला आणि तिच्या मुलांना भांड्याला लागलेला रस्सा आणि खरवड मिळू नये.

हे वाचल्यावर वर दिलेली पाककृती आम्हांस पुन्हा पूर्वीसारखी वाचता आली नाही. उरलेला रस्सा, हाडांचे पाणी, भांड्याला लागलेली खरवड: पॉट पाय ह्याच गोष्टींवर उभा आहे. हिशेब दोन्ही बायकांचा सारखाच काटेकोर आहे. परंतु चाइल्डच्या हिशेबात शेवटी एक गरीब कुटुंब येते. मिसेस फ्लिंटच्या हिशेबात समोर उभ्या असलेल्या कुटुंबाला वगळण्यासाठीच ती जागा ठेवलेली आहे.

मिसेस फ्लिंटने नेमके काय केले, ते सांगायला इंग्रजीला एक सबंध वाक्य लागते. मराठीला एक क्रियापद पुरते: तिने ते अन्न उष्टावले. आपल्याकडे ह्या बाबतीत शब्दांची श्रीमंती आहे आणि ती अभिमानाचीच आहे असे नाही. 'उरलेले' हा शब्द परिमाणाचा आहे, 'शिळे' काळाचा, 'खरकटे' भांड्याचा नि ताटाचा; पण 'उष्टे' हा शब्द माणसाचा आहे. कोणाच्या तोंडचे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. त्याच धातूपासून बाळाला पहिला घास भरवण्याच्या सोहळ्याचे 'उष्टावण' हे गोड नाव झाले, आणि त्याच धातूने गावकुसाबाहेरच्या माणसाचे जेवण काय असावे तेही ठरवले. ओमप्रकाश वाल्मीकींनी आपल्या हिंदी आत्मकथनाला (1997) 'जूठन' हेच नाव दिले. मराठीत त्याआधी दया पवारांच्या 'बलुतं'ने (1978) गावकीच्या कामाबदल्यात मागून आणलेल्या भाकरीचे जग सुशिक्षित वाचकासमोर आणले होते.

दोन समाजांना एका मापाने मोजण्याचा आमचा हेतू नाही. आणि मोजू गेल्यास मापे उलटीच पडतात. एडेंटनच्या स्वयंपाकघरात अन्न मिळू नये म्हणून ते उष्टे केले गेले. आपल्याकडे अन्न दिले ते उष्टे म्हणूनच, आणि त्याला हक्काचे नाव मिळाले. म्हणून 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या परिषदेत, चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागला त्याच परिषदेत, बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्यास सांगितले. पाण्याचा हक्क घेणे आणि उष्ट्याचा 'हक्क' टाकणे ही दोन्ही एकाच सभेची कामे होती. काटकसरीच्या दृष्टीने पाहिल्यास दुसरे काम तोट्याचे दिसेल. चाइल्डला ते कळले असते असे आम्ही समजतो, कारण वाचकवर्ग गमावण्याचा तोटा तिनेही पत्करला होता.

पाकशास्त्राच्या इतिहासकारांनी चाइल्डचे काटकसरीचे पुस्तक वाचले आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी जेकब्सचे. दोन्ही पुस्तके एकाच टेबलावरून गेली हे मात्र क्वचितच कोणी एकत्र वाचते. आपल्या अभ्यासक्रमांत जेकब्स आली तरी ती गुलामगिरीच्या कथनांत येते आणि चाइल्ड तिच्या प्रस्तावनेच्या तळटीपेत. तीच चाइल्ड थँक्सगिव्हिंगला आजोबांच्या घरी निघालेल्या मुलाच्या लोकप्रिय बालगीताची (1844) कवयित्री, हे तर अमेरिकेतही पुष्कळांना ठाऊक नसते.

संपादक म्हणून चाइल्डने जेकब्सला एक सल्ला दिला होता: जॉन ब्राउनवरील शेवटचे प्रकरण गाळावे आणि पुस्तक आजीच्या आठवणीने संपवावे. त्या गाळण्याबद्दल आजचे अभ्यासक तिला दोष देतात, आणि तो सर्वस्वी अनाठायी आहे असे आम्हांस वाटत नाही. पण ती आजी कोण? मालकिणीच्या घरचे सगळे काम आटोपल्यावर मध्यरात्री बिस्किटे भाजून विकणारी, मुलांना विकत घेऊन सोडवता यावे म्हणून त्यातून पैसा साठवणारी, आणि साठवलेले तीनशे डॉलर मालकिणीने उसने घेतले ते कधीच परत न मिळालेली बाई. फ्लिंटच्या घरी गुलामांच्या जेवणाची कोणाला पर्वा नव्हती. लिंडा निरोप घेऊन धावत असे तेव्हा वाटेत आजीचे घर लागे. तेथे थांबल्यास शिक्षेची धमकी होती. म्हणून पोरीचा खोळंबा होऊ नये अशा बेताने आजी पुष्कळदा स्वतःच फाटकात उभी असे, हातात तिच्या न्याहारीचे किंवा जेवणाचे काहीतरी घेऊन.