लाकडी रिंगणातली वाटचाल

बेलापुरात सायकल ही कामाची वस्तू. शाळा, शेत, दूध, बाजार, सगळीकडे तिच्यावरून जाणं-येणं. प्रवराकाठच्या या पट्ट्यात पायात जोर असलेली पोरं काही कमी नाहीत. पण हा जोर शर्यतीच्या वेगात बदलायचा, तर उतार बांधलेला ट्रॅक लागतो, त्याला व्हेलोड्रोम म्हणतात, आणि तो नगर जिल्ह्यात नाही. त्यासाठी पुण्याला बालेवाडी गाठायची आणि पुढची पायरी थेट दिल्लीची. त्या दिल्लीच्या ट्रॅकची आणि तिथल्या सायकलपटूंची वाटचाल आपल्या भागातल्या पालकांना, क्रीडाशिक्षकांना ठाऊक असावी, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात तशी जुनी. १९३८ मध्ये सिडनीच्या ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये जानकी दास हे एकटे भारतीय सायकलपटू उतरले. हिंदी चित्रपटांचे जुने प्रेक्षक त्यांना नट म्हणून ओळखतात, पण त्यांची पहिली ओळख सायकलची. १९४६ मध्ये त्यांनी आणि मुंबईच्या सोहराब भूत यांनी राष्ट्रीय सायकलपटू महासंघ उभा केला. त्याच वर्षी भारताचा संघ झुरिचच्या जागतिक स्पर्धेला गेला आणि १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला. त्या ऑलिंपिक संघातली हावेवाला, नोबल, मुल्ला फिरोज ही नावं वाचली की मुंबईच्या पारशी घरांनी या खेळाला किती दिलं ते कळतं.

पुढची कित्येक दशकं भराभर ओलांडली तरी चालेल, कारण मोठ्या पदकांच्या बाबतीत हाती फार काही लागलं नाही. महाराष्ट्रापुरती एक गोष्ट मात्र घडली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुल बांधलं गेलं आणि त्यात व्हेलोड्रोम आला. तो सिमेंटचा, उघड्यावरचा. आपल्याकडचा पावसाळा ध्यानात घेतला, तर वर्षातले किती दिवस तिथे जोरात सराव करता येत असेल याचा हिशेब कुणालाही मांडता येईल.

खरा बदल २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांनी झाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात २५० मीटरचा, छताखालचा लाकडी ट्रॅक तयार झाला. त्या स्पर्धेत भारताला सायकलिंगचं पदक मिळालं नाही, पण ट्रॅक मागे उरला. पुढे भारतीय क्रीडा प्राधिकरणाची राष्ट्रीय सायकलिंग अकादमी तिथेच चालू लागली. स्पर्धा संपल्यावर ओस पडलेली मैदानं आपण खूप पाहिली आहेत. हा ट्रॅक तसा पडला नाही, आणि याचं श्रेय तिथे रोज उभं राहणाऱ्यांना द्यायला हवं.

या ट्रॅकवरची सायकल कशी असते ते सांगायलाच हवं. तिला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. वळणावर जमीन चाळीस अंशांहून जास्त कललेली. वेग सुटला की सायकल खाली घसरते, म्हणून भीती वाटली तरी पाय मारत राहावं लागतं. ट्रॅकच्या आतल्या कडेला काळी रेघ असते, लांबी मोजण्याची. तिच्या वर लाल रेघ. शेवटच्या दोनशे मीटरांत पुढचा स्वार या दोन रेघांमध्ये आला, की मागच्याने त्याला आतून ओलांडायचं नाही. स्प्रिंट ही दोघांची झुंज, आणि तिचा पहिला भाग बघणाऱ्याला संथ वाटतो. दोघे रेंगाळतात, एकमेकांकडे मान वळवून बघतात, कुणी वर कठड्याकडे चढतो. ती चढलेली उंची खाली सूर मारताना वेग बनते. सूर नेमका कधी मारायचा, हे पुस्तकातून शिकवता येत नाही. ज्याने तो मारून जिंकलं आणि हरलंही आहे, त्याने बाजूला उभं राहून सांगावं लागतं.

अकादमीची पहिली मोठी नावं अंदमान-निकोबारची. २००४ च्या त्सुनामीतून वाचलेली डेबोरा हेरॉल्ड २०१५ मध्ये ५०० मीटर टाइम ट्रायलच्या जागतिक क्रमवारीत चौथी होती. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या एगलला ज्युनियर जागतिक स्पर्धेत इसो अल्बेनने केरिन या ट्रॅक शर्यतीत रौप्य जिंकलं. जागतिक सायकलिंगमधलं ते भारताचं पहिलं पदक. २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट (ओडर) इथे इसो, मणिपूरचा रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी ज्युनियर टीम स्प्रिंटचं सुवर्णपदक आणलं. त्या बातमीला वर्तमानपत्रांत मिळाली त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी होती.

२०२२ चा जून मात्र कडू आणि गोड दोन्ही. स्लोव्हेनियातल्या सराव शिबिरात मुख्य प्रशिक्षकाने गैरवर्तन केल्याची तक्रार एका महिला सायकलपटूने केली. क्रीडा प्राधिकरणाने तिला परत आणलं आणि त्या प्रशिक्षकाचा करार संपवला. वाटचालीच्या लेखातून हा भाग गाळणं सोपं आहे. पण आपली मुलगी दूरच्या शिबिरात पाठवणाऱ्या आईबापांना तो कळायलाच हवा, आणि तक्रार करणाऱ्या त्या मुलीच्या धैर्याची नोंद पदकांच्या शेजारी व्हायला हवी. त्याच महिन्यात दिल्लीच्या ट्रॅकवर आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा झाली. रोनाल्डोने स्प्रिंटमध्ये रौप्य जिंकलं. वरिष्ठ गटात तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय. महिलांच्या टीम स्प्रिंटमध्ये कांस्य मिळवणाऱ्या तिघींपैकी भंडाऱ्याची मयूरी लुटे आणि शशिकला आगाशे या दोघी महाराष्ट्राच्या. तिसरी त्रियाशा पॉल. त्याच वर्षी या तिघी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही उतरल्या.

या चमूला स्प्रिंट शिकवायला फ्रान्सचा केविन सिरो आला. २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये टीम स्प्रिंटचं रौप्य जिंकलेला, जागतिक विजेतेपदं मिळवलेला हा गडी. मे २००९ मध्ये मॉस्कोत त्याने धावत्या सुरुवातीचे २०० मीटर ९.५७२ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी पंचाहत्तर किलोमीटर. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. फ्रान्समध्ये चॅम्पियनने निवृत्तीनंतर स्टॉपवॉच हाती घेऊन ट्रॅकच्या कडेला उभं राहणं नवं नाही. फ्लोरियन रूसोने तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली आणि मग फ्रान्सच्या स्प्रिंट संघाला शिकवलं. सिरो त्याच परंपरेतला. शिकवण्याची ही साखळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालली, म्हणून तिथून माणूस बोलावता येतो.

आपल्याकडची साखळी अजून जुळायची आहे. रोनाल्डो, इसो, मयूरी, शशिकला या पिढीने लाकडी ट्रॅक अंगात मुरवला आहे. त्यांचं शर्यतीचं वय संपेल तेव्हा रेल्वेतल्या किंवा पोलिसातल्या नोकरीत ते ज्ञान जिरून जाऊ नये. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सायकलिंग प्रशिक्षकाची पदविका आहे. ती घेऊन यांच्यापैकी एखादी बालेवाडीला पूर्णवेळ उभी राहावी आणि राज्याने तिला कायमची जागा द्यावी. बालेवाडीच्या रिंगणावर छप्पर घालण्याचा खर्च मोठा असेल. प्रशिक्षकाचा पगार तेवढा मोठा नाही. तालुका स्पर्धेत जिंकलेल्या मुलाचं नाव श्रीरामपूरच्या क्रीडाशिक्षकाने कुणाला कळवायचं, याचं उत्तर आज त्याच्याकडे नाही. ते त्याला मिळायला हवं, नावानिशी आणि फोन नंबरासकट.